९४६ डॉलर आणि हार्लेममधलं तळघर

१९४६ चा फेब्रुवारी महिना. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डनबार अपार्टमेंट्स नावाची मोठी वसाहत आहे, १९२० च्या दशकात रॉकफेलरच्या पैशातून कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी बांधलेली. तिच्या तळघरातल्या एका खोलीत एका तरुण बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी एक केंद्र उघडलं. टेबल-खुर्च्या, कपाटं वगैरे सामानाला ९४६ डॉलर लागले, ते बाईंच्या वडिलांनी उसने दिले. बाईंचं नाव मेमी फिप्स क्लार्क. वय तिशीच्या आत, कोलंबिया युनिव्हर्सिटीची मानसशास्त्रातली पीएचडी, घरी दोन लहान मुलं. नवरा केनेथ क्लार्क, तेही मानसशास्त्रज्ञ, सिटी कॉलेजात शिकवायचे. केंद्राचं सुरुवातीचं नाव नॉर्थसाइड टेस्टिंग अँड कन्सल्टेशन सेंटर, दोन वर्षांनी ते बदलून नॉर्थसाइड सेंटर फॉर चाइल्ड डेव्हलपमेंट झालं आणि त्याच नावाने ते आजही चालू आहे.

क्लार्क हे नाव ऐकलं की मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला बाहुल्या आठवतात. चार बाहुल्या, दोन गोऱ्या दोन सावळ्या, रंग सोडून बाकी सगळं सेम, तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे ठेवायच्या आणि सांगायचं की तुला खेळायला आवडेल ती दे, छान असेल ती दे, वाईट दिसते ती दे, आणि अगदी शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे. २५३ मुलांवर केलेला हा अभ्यास १९४७ मध्ये छापून आला, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडायला लागली, काही खोलीतून पळून गेली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढे वाचवेना.

पण मला आज लिहायचंय ते बाहुल्यांबद्दल नाही, सेंटरबद्दल. बाहुल्या जगप्रसिद्ध झाल्या, सुप्रीम कोर्टापर्यंत पोचल्या, आणि ते सेंटर, जिथे मेमीबाईंनी तेहतीस वर्षं रोज जाऊन काम केलं, ते बाहुल्यांच्या गोष्टीत एका ओळीत उरकतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, वाचनात मागे पडलेली मुलं माझ्याकडे जास्त वेळ असतात, आणि माझ्या कामासाठी त्या बाहुल्यांपेक्षा ते तळघर मला कितीतरी जास्त शिकवून गेलंय. मुलाचं मन दुखावलं गेलंय हे सिद्ध झालं, ठीक, पण ते मूल उद्या सकाळी परत त्याच शाळेत जाणार आहे, मग त्याचं काय, हा प्रश्न त्या तळघरात रोज विचारला जायचा.

मेमी १९१७ मध्ये अर्कान्सास राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी जन्मल्या. वडील डॉक्टर, घर सुस्थितीतलं, पण गाव दक्षिणेतलं, म्हणजे शाळा वेगळी, दुकानात वागणूक वेगळी, सगळं वेगळं. सोळाव्या-सतराव्या वर्षी त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत गेल्या, गणित शिकायला. तिथे मुलींना गणितात फारसं कुणी पुढे येऊ देत नव्हतं, आणि तिथेच केनेथ भेटले, त्यांनी मानसशास्त्राकडे वळवलं. १९३७ मध्ये दोघांनी घरी न सांगता लग्न केलं. १९३८ मध्ये डिग्री झाल्यावर उन्हाळ्याभर मेमींनी एका वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरीचं काम केलं, विल्यम ह्यूस्टन यांच्या. तिथे थरगूड मार्शल यांच्यासारखी वकील मंडळी यायची आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचे खटले कसे लढवायचे याच्या चर्चा चालायच्या. वेगळ्या शाळा हा प्रकार कायद्याने मोडता येतो हे त्यांना तिथे पहिल्यांदा खरं वाटलं असावं. एमएचा प्रबंध त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांना स्वतःच्या वर्णाची जाणीव कधी आणि कशी होते यावर केला. बाहुल्यांचं मूळ त्यात आहे, म्हणजे मूळ काम मेमींचं, हे केनेथ स्वतः पुढे सांगत राहिले पण लोकांच्या लक्षात नाव त्यांचंच राहिलं.

कोलंबियात त्यांनी गाइड निवडले हेन्री गॅरेट. हे गृहस्थ वंशांमध्ये बुद्धीचा जन्मजात फरक असतो असं मानणारे. मेमींनी जाणूनबुजून त्यांच्याकडेच पीएचडी केली, १९४३ मध्ये. गॅरेट यांचा सल्ला काय, तर आता दक्षिणेत परत जा आणि तिकडच्या शाळेत शिकव. (हे गॅरेट पुढे परत येणार आहेत.)

पीएचडी झाली आणि नोकरी मिळेना. कृष्णवर्णीय बाई आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट, न्यूयॉर्कसारख्या शहरात अशा व्यक्तीसाठी जागाच नव्हती. कुठे नर्सेसच्या माहितीचे तक्ते कर, कुठे सैन्याच्या एका संस्थेत काम कर असं चाललं होतं. मग रिव्हरडेल इथल्या एका बालगृहात बेघर कृष्णवर्णीय मुलींच्या टेस्ट घ्यायचं काम मिळालं. तिथे त्यांच्यासमोर रोज एकेक मुलगी येऊन बसायची आणि टेस्ट झाली की परत जायची, आणि पुढे त्या मुलीसाठी काहीच नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या मुलांसाठीच्या बऱ्याचशा संस्था धर्मानुसार वाटलेल्या होत्या, कॅथलिकांच्या, ज्यूंच्या, प्रॉटेस्टंटांच्या, आणि कृष्णवर्णीय मुलं बहुतेक प्रॉटेस्टंट असूनही त्यांना घ्यायला कुणी फारसं तयार नसायचं. क्लार्क पतीपत्नी आधी चालू संस्थांकडे गेले, म्हणाले की तुमचं काम हार्लेमपर्यंत वाढवा, आम्ही मदत करतो. कुणी पुढे आलं नाही. तेव्हा कुठे वडिलांकडे पैसे मागायची वेळ आली.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, हार्लेममध्येच थोडे रस्ते सोडून सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात आणखी एक मानसोपचार केंद्र सुरू झालं, लाफार्ग क्लिनिक. फ्रेड्रिक वर्थम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ ते चालवायचे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, फी २५ सेंट. एकाच भागात, एकाच वर्षी, दोन तळघरं, कारण वर कुठे जागाच मिळत नव्हती. लाफार्ग १९५८ मध्ये बंद पडलं. नॉर्थसाइड टिकलं, आणि ते का टिकलं याचा विचार मी बरेचदा करते.

इथे थोडं नागपाड्याला जाऊन येते, कारण ही गोष्ट आपल्याकडे ऐकवली की लोकांना वाटतं हे सगळं अमेरिकेत आधी आणि आपल्याकडे फार नंतर. मुंबईत नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी नेबरहूड हाउस चालवत होते, त्यांच्याच पुढाकाराने तिथे १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, म्हणजे आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि १९३७ मध्ये त्या स्कूलने चाइल्ड गायडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मनाच्या आणि वागण्याच्या अडचणींसाठीचं केंद्र, काढलं, भारतातलं पहिलं. नॉर्थसाइडच्या नऊ वर्षं आधी! चाइल्ड गायडन्स ही कल्पना अमेरिकेचीच, शिकागोत १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी बालन्यायालयात येणाऱ्या मुलांसाठी केंद्र काढलं तिथून ती वाढली. ती समुद्र ओलांडून मुंबईच्या गिरणी-गोदीच्या भागात पोचली, आणि कोलंबिया युनिव्हर्सिटीपासून चालत जाता येईल अशा हार्लेममधल्या कुटुंबांना मात्र तशी पूर्णवेळ सोय १९४६ पर्यंत नव्हती. अंतर मैलांवर अवलंबून नसतं हे आपल्याला गावकुसाबाहेरच्या वस्त्या बघून माहीतच आहे.

आणि १९४६ वरूनच आठवलं, त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे त्याबद्दल आणि संयुक्त राष्ट्रांकडे तिथल्या कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवायला, ड्युबॉइस यांचं उत्तरही आलं. ड्युबॉइस एकेकाळी याच डनबार अपार्टमेंट्समध्ये राहायचे. बाबासाहेब स्वतः १९१३ ते १६ कोलंबियात शिकलेले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेल्या त्या मुलाला हॉट स्प्रिंग्जच्या वेगळ्या शाळेतल्या मुलीचं म्हणणं समजावून सांगायची गरज पडली नसती.

तर, तळघर. सुरुवातीला काम करणारे बरेच जण मित्रमंडळी, कृष्णवर्णीय आणि गोरे दोन्ही, आपली नोकरी सांभाळून बिनपगारी येणारे सायकॉलॉजिस्ट, डॉक्टर, सोशल वर्कर. आणि लोक येईनात. मुलाला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे शेजारीपाजारी काय म्हणतील, पोरगं वेडं आहे का, ही भीती तिथेही होतीच, आपल्याकडे आजही आहे, पालकसभेत "काउन्सेलर" शब्द काढला की आईचा चेहरा कसा पडतो ते मी बघते. मग हळूहळू आया यायला लागल्या, पण वेगळ्याच कामासाठी. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये तेव्हा मतिमंद समजलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग असायचे. आयक्यू, म्हणजे टेस्टवरून काढलेला बुद्ध्यांक, ७० च्या खाली असेल तरच मुलाला तिथे टाकायचं असा नियम. हार्लेमच्या आयांचं म्हणणं की आमच्या पोराला त्या वर्गात टाकलंय, तो तसा नाहीये हो, घरी बाजाराचा हिशेब करतो, धाकट्यांना सांभाळतो, तुम्ही जरा तपासून सांगता का. (हिशेबाचं मी माझ्या अनुभवातून घालतेय, आया सगळीकडे असंच सांगतात.) नॉर्थसाइडने त्या मुलांच्या टेस्ट घेतल्या. बहुतेकांचे आकडे ७० च्या वर निघाले. म्हणजे ती मुलं त्या वर्गात नियमाने बसायलाच नको होती.

आयांनी मग शाळांना जाब विचारला, सेंटर त्यांच्या पाठीशी उभं राहिलं, गाजावाजा झाला, आणि तिथून नॉर्थसाइडचं दार खऱ्या अर्थाने वाजायला लागलं. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कोर्टाच्या निकालापेक्षाही. मेमीबाईंच्या हातात जी टेस्ट होती ती तीच होती जी त्या मुलांना मागे ढकलायला वापरली जात होती, गॅरेटसारख्या लोकांचा सगळा डोलारा आयक्यूच्या आकड्यांवर उभा होता, आणि त्याच टेस्टने बाईंनी एकेक मूल त्या वर्गातून बाहेर काढलं. टेस्ट कोण घेतं, किती घाईत घेतं, मुलाशी आधी दोन शब्द बोलतं का, त्याला भूक लागलीय का बघतं का, यावर आकडा कसा बदलतो हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

मुलं वेगळ्या वर्गातून निघाली तरी त्यांना वाचता येत नव्हतं हे खरंच होतं, कारण कुणी धड शिकवलंच नव्हतं. म्हणून सेंटरने वाचन आणि गणिताचे जादा तास सुरू केले. मानसिक आरोग्याच्या केंद्रात वाचनाचा तास! त्यावरून वाद झाले. त्या काळात मनोविश्लेषणाचा मोठा दबदबा होता, मुलाच्या अडचणीचं मूळ त्याच्या आत, त्याच्या आईशी असलेल्या नात्यात शोधायचं, महिनोन्‌महिने बसून. सेंटरने प्रामुख्याने ते करावं असं वाटणारे लोक होते, वजनदार लोक, पाठिंबा देऊ शकणारे. क्लार्क दोघांनी मानलं नाही. त्यांचं साधं म्हणणं की मुलाला वर्गात रोज मूर्ख ठरवलं जातंय, घर दाटीवाटीचं, बापाला काम नाही, रस्त्यावर पोलीस, हे सगळं तसंच ठेवून फक्त त्याच्या मनाच्या तळाशी काय आहे ते खणत बसायचं म्हणजे मुलावरच दोष टाकायचा. म्हणून सोशल वर्करने घराच्या, नोकरीच्या, शाळेच्या भानगडीतही लक्ष घालायचं, आणि थेरपीही द्यायची, ती नको असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. स्टेला चेस या बालमानसोपचारतज्ज्ञ तिथे काम करत होत्या, त्यांनी केनेथ आणि अलेक्झांडर थॉमस यांच्यासोबत १९५३ मध्ये एक लेख लिहिला, रोगनिदान करताना माणसाची संस्कृती, त्याची परिस्थिती बघणं का गरजेचं आहे यावर. आज हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, तेव्हा ते भांडून मिळवावं लागत होतं.

एक मात्र लिहायला हवं, हे सगळं फार सुरळीत वगैरे नव्हतं. पैशाची ओढाताण कायमची. काही वर्षं सेंटरचा मोठा आधार म्हणजे मॅरियन अस्कोली, ज्युलियस रोझेनवाल्ड या धनाढ्य दानशूर माणसाच्या कन्या. श्रीमंत गोऱ्या लोकांच्या पैशावर हार्लेमचं सेंटर चालायचं आणि धोरण मात्र हार्लेममधून ठरायला हवं, ही तारेवरची कसरत मेमीबाई वर्षानुवर्षं करत राहिल्या. आपल्याकडे एनजीओत काम केलेल्या कुणालाही ही मीटिंग डोळ्यासमोर येईल.

१९४८ मध्ये सेंटर तळघरातून ११० व्या रस्त्यावर गेलं, सेंट्रल पार्कच्या उत्तर टोकाला, न्यू लिंकन स्कूलच्या इमारतीत. जागा मुद्दाम हार्लेमच्या सीमेवरची. तिथे पोर्तो रिकन आणि गोरी मुलंही यायला लागली आणि क्लार्कना तेच हवं होतं, सगळ्यांची मुलं एकाच वेटिंग रूममध्ये.

आता कोर्टाचं. १९५१ च्या मे महिन्यात केनेथ त्याच बाहुल्या घेऊन साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत गेले. हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावरच्या वूलवर्थच्या दुकानातून ५० सेंटला एक अशा घेतलेल्या बाहुल्या त्या. तिथल्या १६ मुलांना तेच प्रश्न विचारले, त्यातल्या १० जणांनी गोरी बाहुली पसंत केली, आणि केनेथ यांनी कोर्टात साक्ष दिली. डेलावेअरच्या खटल्यात लाफार्ग क्लिनिकच्या वर्थम यांनी साक्ष दिली, मुलांना तपासून. म्हणजे हार्लेमच्या त्या दोन्ही तळघरांमधली माणसं कोर्टात उभी राहिली. आणि १९५२ मध्ये व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या खटल्यात वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आलं, तर हेन्री गॅरेट. त्याच खटल्यात दुसऱ्या बाजूने साक्षीला त्यांची विद्यार्थिनी, डॉ. मेमी क्लार्क. ज्यांनी तिला दक्षिणेत परत जा म्हणून सांगितलं होतं त्यांच्या विरुद्ध बोलायला ती दक्षिणेत गेली. १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टात ब्राउन खटल्याचा निकाल आला, वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, आणि निकालाच्या ११ व्या तळटीपेत केनेथ यांच्या कामाचा उल्लेख आहे. वरचे तिन्ही खटले धरून असे पाच खटले तिथे एकत्रच ऐकले गेले होते.

निकालानंतर टाळ्या वाजल्या आणि हार्लेममधली मुलं दुसऱ्या दिवशी त्याच शाळांत गेली. न्यूयॉर्कमध्ये कायद्याने वेगळ्या शाळा नव्हत्याच, वस्त्याच वेगळ्या होत्या म्हणून शाळा वेगळ्या. केनेथ हे जाहीरपणे बोलायला लागले तेव्हा शहराच्या शिक्षण मंडळाला ते झोंबलं, दक्षिणेला नावं ठेवणं सोपं होतं ना. १९६२ मध्ये त्यांनी हार्लेममधल्या तरुणांसाठी हार्यू नावाचा मोठा प्रकल्प उभा केला, त्याचा जाडजूड अहवाल आला, सरकारी पैसाही आला, आणि राजकारण्यांच्या ओढाताणीत त्यांना तो सोडावा लागला. पुढे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले, मानसन्मान सगळे मिळाले, पण २००५ मध्ये गेले तोपर्यंत शाळांच्या बाबतीत ते फार निराश झाले होते.

मेमीबाईंच्या निराशेबद्दल मात्र कुठे वाचायला मिळत नाही. निराश झाल्या असतीलच, माणूस आहे, पण त्यांना रोज सेंटर उघडायचं होतं. १९७४ मध्ये पाचवा अव्हेन्यू आणि ११० वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर शॉमबर्ग प्लाझा हे मोठे टॉवर झाले, घरं आणि खाली सेंटर, त्या प्रकल्पाच्या मागेही त्याच होत्या, कारण मुलाच्या मनाचा आणि त्याच्या घराचा संबंध त्यांनी तळघरात असल्यापासून सोडला नव्हता. १९७९ मध्ये निवृत्त झाल्या, १९८३ मध्ये गेल्या.

लाफार्ग बंद पडलं आणि नॉर्थसाइड टिकलं याचं माझ्यापुरतं उत्तर असं की नॉर्थसाइडला आयांनी धरून ठेवलं. ज्या जागेने माझ्या मुलाला मतिमंदांच्या वर्गातून बाहेर काढलं, त्याला वाचायला शिकवलं, त्या जागेत मग मी माझ्या मुलाच्या रात्रीच्या भीतीबद्दल, त्याच्या मारामाऱ्यांबद्दलही बोलेन. आधी विश्वास, मग थेरपी. आमच्याकडे एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर "मूल्यमापनासाठी पाठवावे" असा शेरा येतो तेव्हा मी आता आधी त्याच्याबरोबर बसून त्याला अक्षरं किती येतात ते बघते, घरी कोण असतं ते विचारते, आणि मगच पुढच्या कागदावर सही करते. काही मुलांना खरंच तपासणीची गरज असते, त्यांना ती वेळेवर मिळावी म्हणून भांडते. पण बऱ्याच मुलांना आधी एक निवांत बसून शिकवणारं माणूस हवं असतं.

नॉर्थसाइडबद्दल अमेरिकन इतिहासकारांनी जुने रिपोर्ट, पत्रं, मीटिंगची टिपणं चाळून लिहिलंय, म्हणून मला मुंबईत बसून हे सगळं वाचता आलं. नागपाड्यात १९३७ ला सुरू झालेल्या क्लिनिकबद्दल मला इतक्याच बारकाईने, मराठीत वाचायचंय. कुठल्या चाळीतून आया यायच्या, मुलांना कुठल्या शाळा पाठवायच्या, टेस्ट कुठल्या भाषेत व्हायच्या, मराठी, उर्दू, गुजराती, आणि जातीबद्दल त्या खोलीत कुणी मोकळेपणाने बोलायचं का. तिथे शिकलेले, काम केलेले लोक किंवा त्यांची मुलं-नातवंडं हे वाचत असतील तर कृपया लिहा, जुनी डायरी असेल, फोटो असेल, आजीने सांगितलेली एखादी केस असेल (नावं वगळून), काहीही. मी टाइप करून द्यायला तयार आहे.